परवानगी आहे, प्रवेश नाही

मंगळवारी सकाळी सव्वानऊला सूनबाईने वरच्या खोलीतला कॉम्प्युटर सुरू केला, रोजच्यासारखी 'खालचा' या नावावर दोनदा टिचकी मारली, आणि कॉम्प्युटरने तिलाच विचारलं, तुम्ही कोण?

अगदी या शब्दांत नाही, पण अर्थ तोच. एक पांढरी चौकट आली आणि नाव आणि पासवर्ड मागायला लागली. ही चौकट तिने सव्वा वर्षापूर्वी एकदाच पाहिली होती, नवऱ्याने सगळं जोडून दिलं त्या दिवशी. त्यानंतर कोणी काही विचारलं नव्हतं. आपल्याच स्वयंपाकघरात शिरताना कोणी ओळखपत्र मागावं, तसं तिला वाटलं.

या घरात कॉम्प्युटर दोन. एक वर, तिचा. पुस्तकांची पानं लावून छापखान्यांना पाठवायचं काम ती घरूनच करायची. दुसरा खाली, सासऱ्यांच्या खोलीत. नवऱ्याने दोघांना जोडताना त्यांची नावं ठेवली 'वरचा' आणि 'खालचा'. कल्पनाशक्तीचा त्रास त्याला लहानपणापासूनच नव्हता. खालच्या कॉम्प्युटरवर 'पुस्तक' नावाचा एक फोल्डर होता. सासरे खाली बसून एका बोटाने त्यात लिहायचे, आणि सून वरून तोच फोल्डर उघडून पानं लावायची. मधल्या सतरा पायऱ्या वाचाव्यात म्हणून ही सोय. नवऱ्याने त्यातही आपला वेळ वाचवला होता. तिच्यासाठी वेगळं खातं काढायच्या फंदात न पडता, तिने 'बाबा' या नावाने आणि बाबांच्याच पासवर्डने आत जावं, असं ठरवून तो निघून गेला. तो जहाजावर इलेक्ट्रिशियन. बुधवारी दुपारी त्याचा फोन लागायचा, लागला तर.

पासवर्ड तिला पाठ होता. सतरापायऱ्या. तिने टाकला.

नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे, असं उत्तर आलं.

तिने पुन्हा टाकला, या वेळी पाढे म्हणावेत तसं एकेक अक्षर तोंडाने म्हणत. चुकीचा आहे. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला, चष्मा पुसला, पुन्हा टाकला. चुकीचाच आहे.

तेव्हा मात्र रविवारची गोष्ट तिला आठवली. खरं सांगायचं तर ती विसरलीच कुठे होती?

सासरे चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होते. निवृत्त झाले तरी नवे मेकॅनिक अजून फोन करून विचारायचे, की दार बंद होतंय पण लिफ्ट उचलत नाही, काय करू? फोनवर सांगून सांगून घसा कोरडा पडायला लागला, तेव्हा त्यांनी पुस्तकच लिहायला घेतलं. मोटर, ब्रेक, दोर, दारं, सगळं ओळीने. पहिल्या पानावर पहिला नियम: आत माणूस अडकला असेल तर हत्यारांची पेटी उघडण्याआधी तोंड उघडायचं. दाराला तोंड लावून सांगायचं, "मी इथेच आहे, कुठेही जात नाही." बाकीचं मग. हा नियम सूनबाईला इतका आवडला होता की तिने तो मोठ्या अक्षरात, चौकटीत बसवला होता.

भांडण झालं ते ब्रेकच्या प्रकरणावरून. त्याच्या मधोमध सासऱ्यांनी चार पानं भलतंच काही लिहिलं होतं. सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये एक म्हातारी बाई अडकली होती, आणि पावणेदोन तास ते तिच्याशी दारातून बोलत होते. त्या दिवशी सासूबाई दवाखान्यात होत्या, शेवटच्या दुखण्यात. धीर द्यायचा यांनी, आणि झालं उलटंच, अडकलेल्या बाईनेच यांना धीर दिला. सूनबाईने ती पानं वाचली, डोळे पुसले, आणि काढून टाकली. ब्रेकच्या पुस्तकात ती कुठे बसणार? नंतर सांगू म्हणाली, आणि सांगायचं राहून गेलं. रविवारी सासऱ्यांनी छापलेली पानं हातात घेतली आणि त्यांच्या ते लक्षात आलं.

"ही माझी पानं आहेत, सूनबाई," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, ते जास्त वाईट. "हात लावण्याआधी विचारत जा."

"बाबा, मी तुमच्याच पुस्तकासाठी..."

"विचारत जा म्हटलं."

"बरं. यापुढे हातच लावणार नाही," ती म्हणाली, आणि दणदण जिना चढून वर गेली. सकाळचा चहा दोघं खाली एकत्र घ्यायची, सासूबाई गेल्यापासून रोज. सोमवारी तिने आपला चहा वर केला. खालून चहाच्या कपाचा आवाज आला, एकाच कपाचा. तिने कान बंद करून घेतले.

आणि आता मंगळवारी हे. सुतावरून स्वर्ग गाठायला तिला वेळ लागला नाही. सासऱ्यांनी पासवर्ड बदलला. हात लावणार नाही म्हणालीस ना? मग नकोच लावू.

पण तिचंच मन उलटतपासणी घ्यायला लागलं. बाबा? जे रिमोटची बॅटरी बदलली तरी तिला हाक मारून दाखवायचे? तोंडावर बोलणारा माणूस असा मागच्या दाराने कडी लावेल? मग हे मशीनने केलं असणार. मशीन रुसत नाही, बिघडतं. पण मग नेमकं भांडणानंतरच कसं बिघडलं? मशीन की माणूस, माणूस की मशीन, याच घाण्याला ती दिवसभर जुंपलेली राहिली. मशीन असेल तर अर्ध्या तासाचा वैताग होता. माणूस असेल तर अकरा वर्षं ज्या घरात आपण लेकीसारख्या वावरलो, तिथे आपण पाहुण्या होतो असं निघत होतं. पासवर्डचं तिला काहीच नव्हतं. भीती होती ती याची.

कोणी म्हणेल, एक पेनड्राइव्ह घेऊन खाली जायचं, बाबा, पानं द्या म्हणायचं, की काम झालं. कोणी म्हणेल! ज्याने कधी अबोला धरला नाही त्यालाच असं सुचतं.

दुपारी तिने राउटरवर संशय घेतला. तो खाली, चपलांच्या कपाटावर, भिंतीला टेकून ठेवलेला. त्याचे दिवे हिरवे होते. ती पाय न वाजवता उतरली, त्याची वायर काढली, आणि मनात तीस आकडे मोजायला लागली. अकरावर असताना सासऱ्यांच्या खोलीचं दार उघडलं.

"काय गं?"

"काही नाही. धूळ पुसतेय."

तिच्या हातात फडकं नव्हतं. सासऱ्यांनी हाताकडे बघितलं, मग वायरीकडे बघितलं. जरा घुटमळले. मग म्हणाले, "मग? बघितलंस का आत?"

आता याला काय म्हणावं! दाराला कुलूप लावायचं, आणि वर विचारायचं, आत बघितलंस का म्हणून. जखमेवर मीठ चोळायची ही कुठली तऱ्हा?

"वेळ नाही मिळाला," ती म्हणाली.

"असं," सासरे म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. हे तिने नीट पाहिलं, आणि तिला काही उमगेना. चिडवणाऱ्याचा चेहरा पडतो का कधी? वायर जोडून ती वर गेली. दिवे पुन्हा हिरवे झाले आणि पांढरी चौकट जशीच्या तशी.

बुधवारी नवऱ्याचा फोन लागला. मागे इंजिनाची घरघर, त्यात त्याचं बोलणं तुकड्यातुकड्याने येत होतं.

"परवानगी बघ," तो म्हणाला. "परवानग्या दोन असतात. एक शेअरची, म्हणजे दुरून येणाऱ्यांसाठी, आणि एक फोल्डरची स्वतःची. दोन्हीकडे हो असेल तरच आत घेतो. एकीकडे जरी नाही असेल..."

"पण मी काहीच बदललं नाही!"

"मग बाबांनी काही केलंय का विचार."

"मी नाही विचारणार."

"का? अगं, खाली तर जायचंय. सतरा पाय..."

फोन कटला. पायऱ्या किती ते तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "शहाणाच आहेस," आणि हे त्याला ऐकू गेलं नाही ते बरंच झालं.

मग तिने अंदाज बांधायला सुरुवात केली. सासूबाईंचं नाव टाकलं. सासऱ्यांना नोकरी लागली ते साल टाकलं. नवऱ्याचं लाडाचं नाव टाकलं, जे तिने लग्नानंतर चार वर्षांनी पहिल्यांदा ऐकलं होतं आणि तीन दिवस हसली होती. चुकीचा, चुकीचा, चुकीचा. प्रत्येक वेळी आपण कुणाच्या तरी कपाटात हात घालतोय असं वाटून ती चोरासारखी मागे वळून बघायची. शेवटी वैतागून तिने कपाळ तळहातावर टेकवलं, कोपर घसरलं, आणि चौकटीत काहीच न लिहिता एंटर दाबलं गेलं.

या वेळी उत्तर वेगळं आलं, चांगलं लांबलचक. या खात्याला प्रवेश देण्यात निर्बंध आडवे येत आहेत, उदाहरणार्थ, रिकामा पासवर्ड चालत नाही, वगैरे वगैरे.

"रिकामा चालत नाही! हे तुझ्याकडून शिकायचं राहिलं होतं," ती कॉम्प्युटरला म्हणाली आणि ती पाटी बंद केली. आपण काही लिहिलं नाही म्हणून तो करवादतोय, एवढाच अर्थ तिने घेतला. तुम्ही-आम्हीही हाच घेतला असता.

गुरुवारी सकाळी छापखान्याच्या मालकांचा फोन आला. पानं उद्या संध्याकाळपर्यंत आली नाहीत तर मशीनवर दुसरं पुस्तक चढेल, मग दीड महिना विचारू नका. ती हो म्हणाली. म्हणायला काय जातं?

सासरे पाच वाजता फिरायला जात. पावणेसहाशिवाय परत येत नसत, घड्याळ लावून घ्यावं असे. पाच वाजून पाच मिनिटांनी सूनबाई त्यांच्या खोलीत उभी होती. न विचारता कशालाही हात लावायचा नाही, यावरून ज्या माणसाशी बोलणं बंद झालं, त्याच माणसाच्या खोलीत, त्याच्याच खुर्चीत, न विचारता. आपण काय करतोय ते तिला कळत होतं, पण वळत नव्हतं.

टेबलावर सगळं जागच्या जागी. पेन्सिली टोकं एका दिशेला करून ठेवलेल्या, चष्म्याचं घर, जुन्या लिफ्टचं एक पितळी बटण, पाच आकडा कोरलेलं. आणि भिंतीला चिकटवलेला नवऱ्याच्या अक्षरातला कागद, 'बाबांसाठी सूचना'. कॉम्प्युटर सुरू कसा करायचा, बंद कसा करायचा, अक्षर मोठं कसं करायचं. सहावी सूचना: पासवर्ड कसा बदलायचा. तिच्यापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती. काम झालं की सासरे खूण करतात, ही त्यांची कामावरची सवय.

म्हणजे माणूसच. तिला रडायला येईल असं वाटलं, पण आधी रागच आला. तिने कॉम्प्युटरचं बटण दाबलं. बघू तरी, कसा विचारतोय पासवर्ड.

त्याने विचारलाच नाही.

पडदा उजळला आणि कॉम्प्युटर सरळ उघडला. मागे सासूबाईंचा फोटो, पुढे चार-सहा फोल्डर. ना चौकट, ना नाव, ना गाव. ती बघतच राहिली. पासवर्ड बदललाय, आणि पासवर्डच नाही? वरून मी मरमर मरतेय तर बंद, आणि इथे येईल त्याला दार सताड उघडं? चोर आला असता तर त्याला या बसा म्हणाला असता हा, आणि घरच्या सुनेला ओळख देत नाही!

नवऱ्याचं बोलणं आठवून तिने 'पुस्तक' फोल्डरवर उजवी टिचकी मारली आणि परवानग्या शोधून काढल्या. शेअरच्या परवानगीत 'सगळे', समोर वाचणे हो, लिहिणे हो. फोल्डरच्या स्वतःच्या परवानगीत 'बाबा', समोर सगळंच हो. नाही कुठेच नव्हतं. तिने यादी वरपासून खालपर्यंत तीनदा वाचली. दोन्ही परवानग्या शाबूत, फोल्डर जागेवर, आणि तरी ती बाहेर. माणूस म्हणावं तर परवानगी आहे, मशीन म्हणावं तर ती खूण आहे. डोक्याचा पार भुगा झाला.

परवानग्या बंद करून तिने फोल्डर उघडला. प्रकरणं ओळीने लावलेली होती, एक ते चौदा. त्यांच्या खाली एक नवी फाइल. नाव 'सूनबाईसाठी'. सोमवारी रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी ठेवलेली.

तिचा हात माउसवर थांबला. एक टिचकी, की कळलं असतं. पण रविवारचा तो न चढलेला आवाज कानात होता. नाव आपलं असलं तरी फोल्डर त्यांचा, आणि आपल्याला इथे कोणी बोलावलेलं नाही. तिने हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. अकलेचं असं एवढंच काम तिने त्या आठवड्यात केलं.

"चष्मा राहिला," मागून आवाज आला.

सासरे दारात उभे होते, टोपी घातलेले. चाळीस वर्षांत न विसरलेला चष्मा ते आजच विसरले होते. ती उठायला गेली, खुर्चीचं चाक टेबलाच्या पायात अडकलं, आणि ती अर्धवट उभी, अर्धवट बसलेली राहिली.

"मी पानं बघत होते. उद्या द्यायची आहेत," ती म्हणाली. मग तिला वाटलं, हे कसलं बोलणं. "बाबा, तुम्ही मला बंद केलंत."

"मी?"

"पासवर्ड बदललात. ती काय खूण केलीय. न सांगता बदललात. मी तीन दिवस दार ठोठावतेय."

सासऱ्यांनी टोपी काढली, तिच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. "अगं, मी बंद कुठे केलं? मी तर कुलूपच काढून टाकलं. पासवर्ड बदला म्हटलं की जुना विचारतो, मग नवा विचारतो. जुना लिहिला. नव्याच्या जागी काहीच लिहिलं नाही. म्हटलं, तुला अडचण नको. घरात कशाला हवीत कुलपं?"

ती खुर्चीत पुन्हा बसली.

"आणि तू आलीच नाहीस," सासरे म्हणाले. "तीन दिवस मी वाट बघतोय. मंगळवारी विचारलंसुद्धा, बघितलंस का म्हणून. तू म्हणालीस वेळ नाही. म्हटलं, अजून राग आहे. म्हातारी माणसं एकदा बोलून जातात, मग त्यांना परत बोलता येत नाही, हे तुला कुठे माहीत असणार?"

दोघंही त्या कॉम्प्युटरकडे बघायला लागली, आता तोच काही सांगेल अशा आशेने. त्याने काही सांगितलं नाही. सूनबाईच्या डोक्यात मात्र काहीतरी हललं. रिकामा. कालची ती लांबलचक पाटी.

"बाबा, इथेच थांबा," ती म्हणाली आणि पळत वर गेली. चौकटीत नाव लिहिलं, पासवर्डची जागा मोकळी सोडली, एंटर दाबलं. पाटी आली. या वेळी तिने ती पत्र वाचावं तशी वाचली आणि जिन्याच्या कठड्याशी येऊन ओरडली, "रिकामा पासवर्ड चालत नाही म्हणतोय!"

"कुणाचा रिकामा?" खालून आवाज आला.

"तुमचा! तुमच्या खात्याला पासवर्डच नाही, म्हणून दुरून कोणालाच आत घेत नाही तो. समोर खुर्चीत बसलेल्याला घेतो, कारण तो खोलीत आलेलाच असतो. पण नेटवर्कवरून, म्हणजे दुरून कोण येतंय ते त्याला दिसत नाही. म्हणून बिनकुलपाच्या दारातून तो कोणालाच येऊ देत नाही!"

सासरे जिन्याच्या पायथ्याशी आले आणि कपाळावर हात मारून म्हणाले, "लिफ्टचं तसंच असतं गं! दार उघडं राहिलं की लिफ्ट जागची हलत नाही. दार नीट लावा, मगच ती येईल, हे चाळीस वर्षं लोकांना मीच सांगत आलो. आणि घरात बसून हे केलं!"

ती हसायला लागली. तीन दिवसांचं कोंडलेलं हसू, त्यात थोडं रडूही होतं. "करायला गेले काय आणि वरती झाले पाय," ती म्हणाली. "आणि बाबा, तुमचा पहिला नियम? पेटी उघडण्याआधी तोंड उघडायचं? कुलूप काढलंत ते काढलंत, मला एक शब्द सांगायला काय झालं होतं?"

"पुस्तक दुसऱ्यांसाठी असतं," सासरे पुटपुटले. पण त्यांनी मान खाली घातली, ती तिने वरून पाहिली. तिला एकदम त्यांची कीव आली, आणि स्वतःची त्याहून जास्त. कारण नियम तर तिनेही मोडला होता, आणि तोही चौकटीत बसवून झाल्यावर.

ती उतरून खाली आली. "मीही विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "ती चार पानं काढताना. चुकलंच माझं." मग कॉम्प्युटरकडे बोट करून म्हणाली, "ती फाइल उघडू?"

"तुझ्यासाठीच आहे ती. विचारतेस काय?"

"विचारतेय."

"उघड," सासरे म्हणाले.

फाइलमध्ये एकच पान होतं. म्हातारी बाई, सातवा आणि आठवा मजला, दवाखाना, सगळं एका पानात आणलेलं. बाईने दारापलीकडून विचारलं होतं, तुमचा आवाज असा का येतोय? यांनी सांगून टाकलं होतं. तर ती म्हणाली, मग मला सोडवायची घाई करू नका, दादा, मी इथे बसलेय, तुम्ही बोला. पानाच्या वर, एका बोटाने लिहिलेल्या चार ओळी होत्या.

'सूनबाई, चार पानं जास्तच होती. एक केलं आहे. हेही बसत नसेल तर काढ. यापुढे विचारायची गरज नाही, पासवर्ड काढून टाकला आहे.'

तिने त्या ओळी दोनदा वाचल्या. सोमवारी रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी हे लिहून हा माणूस झोपायला गेला होता. आणि सकाळी ती वर बसून त्याला काय काय म्हणत होती! सासरे खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं चाललं असल्यासारखे तिकडे बघत राहिले.

"हे पान ठेवते," ती शेवटी म्हणाली. "ब्रेकमध्ये नको. पहिल्या नियमाच्या लगेच खाली ठेवू?"

"ठेव," सासरे म्हणाले. मग, थोड्या वेळाने, "बरं बसेल तिथे."

पासवर्ड पुन्हा लावायलाच हवा होता. तिने सहावी सूचना वाचली आणि खुर्ची त्यांच्यासाठी सरकवली. सासरे बसले नाहीत. "तूच टाक," ते म्हणाले. "आणि मला सांगू नकोस."

"अहो बाबा, मग सकाळी तुम्ही आत कसे जाणार?"

"तू उघडून देशील. सकाळी खाली येशीलच ना?" त्यांनी चष्मा उचलला आणि तो आधीच स्वच्छ असताना पुसायला घेतला. "चहा मी ठेवतो."

ती खुर्चीत बसली. सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड केलं, बँकेच्या खिडकीशी माणसं करतात तसं. तिने एकदा पासवर्ड टाकला, खात्रीसाठी पुन्हा टाकला, मग वर जाऊन तोच टाकला. 'पुस्तक' उघडलं, चौदा प्रकरणं आणि एक फाइल. त्या संध्याकाळी तिने जेवायच्या आत सगळी पानं लावली.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला तिला जाग आली ती खालच्या हाकेने.

"सूनबाई! अगं, मी बाहेर अडकलोय!"

ती उठली. केस बांधायच्याही आधी, चपला शोधायच्याही आधी, ती जिन्याच्या कठड्याशी आली आणि खाली तोंड करून म्हणाली, "बाबा, मी इथेच आहे, कुठेही जात नाही."

मग ती सतरा पायऱ्या उतरली. टेबलावर दोन कप होते.